माहेरची हिंसा आणि समाजकार्याचा रिकामा रकाना



२०१२ साली सर्वोच्च न्यायालयात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ वर सुनावणी चालू होती. त्या वेळी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने न्यायालयापुढे एक अंदाज ठेवला. देशात समलैंगिक पुरुष सुमारे पंचवीस लाख असावेत आणि त्यांपैकी पावणेदोन लाखांना एचआयव्हीची लागण झालेली असावी, असा तो अंदाज होता. त्याच्या आदल्या वर्षी झालेल्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली होती. दोन्ही आकडे तोकडे होते आणि त्यांवर वादही झाले, पण निदान वाद घालायला आकडे होते. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांची अशी मोजणी तेव्हा कुणी केली नव्हती, त्यानंतरही केलेली नाही.

आजचा विषय मोठा आहे: समलैंगिक आणि परिघावरच्या माणसांसोबतचं समाजकार्य आणि संशोधन. त्यातला एकच प्रश्न इथे हाती घेतला आहे. समाजकार्य कुणाला मोजतं, कशासाठी मोजतं, आणि ज्यांना मोजलं नाही त्यांच्या वाट्याला काय येतं?

भारतातलं समाजकार्याचं पहिलं पदव्युत्तर शिक्षण १९३६ साली मुंबईत, नागपाड्यात सुरू झालं. तीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिथून आणि नंतर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या अनेक पिढ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: अडचणीत आलेल्या माणसाला त्याच्या कुटुंबात पुन्हा उभं करायचं. व्यसनी नवरा असो, घर सोडलेला मुलगा असो की टाकलेली बायको, केस फाइलचा शेवट घरी परतण्यात झाला की काम सुफळ झालं असं मानलं जाई. १९८४ साली याच संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली, तेव्हा या गृहीतकाला मोठा धक्का बसला. घर हीच मारहाणीची जागा असू शकते, तिथे परत पाठवणं म्हणजे बाईला पुन्हा मारणाऱ्याच्या हाती देणं, हे तिथल्या टेबलावर रोज दिसू लागलं.

सासरच्या बाबतीत ही गोष्ट समाजाने हळूहळू का होईना मान्य केली. माहेराच्या बाबतीत अजून केलेली नाही. सासरी जाच झाला तर मुलीला माहेर आहे, असं आपण म्हणतो. जाच माहेरीच होत असेल, आणि तो ती एका मुलीवर प्रेम करते एवढ्याच कारणाने होत असेल, तर तिने कुठे जायचं? प्रस्तुत वक्त्याच्या मते, समलैंगिक स्त्रियांसोबतच्या समाजकार्याचा सगळा पेच या एका प्रश्नात आहे.

पुरुषांच्या बाबतीत काम वेगळ्या वाटेने गेलं, आणि ती वाट एड्सच्या निधीने आखली. १९९० साली मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघालं. १९९४ साली अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमसफर ट्रस्टची स्थापना केली. सांताक्रूझच्या वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. ज्या नात्याला कायदा गुन्हा म्हणत होता, त्याच नात्यातल्या माणसांसाठी महापालिका जागा देते, हे घडलं साथीच्या भीतीमुळे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ पासून काम करत होती. तिच्या कार्यक्रमात एमएसएम, म्हणजे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, हा एक गट ठरला. कार्यकर्ते रेल्वे स्थानकांवर, बागांमध्ये, समुद्रकिनाऱ्यांवर जात. किती जण भेटले, किती निरोध वाटले, किती जणांना तपासणीसाठी नेलं, हे वहीत लिहीत. या कामाने असंख्य जीव वाचवले. घरी एक शब्द न बोलू शकणाऱ्या मुलांना पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं भेटली ती याच वाकोल्याच्या केंद्रात आणि अशाच इतर ठिकाणी.

त्या कामाची किंमतही कार्यकर्त्यांनी मोजली. जुलै २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी कलम ३७७ खाली पकडलं. आरोग्यशिक्षणाचं त्यांचं साहित्य अश्लील म्हणून जप्त केलं आणि त्यांना सुमारे दीड महिना तुरुंगात ठेवलं. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण आवर्जून शिकवलं पाहिजे. नोंदवही ज्यांच्या भल्यासाठी लिहिली, त्यांच्याच विरुद्ध ती वापरली जाऊ शकते, हे त्यातून कळतं.

स्त्रिया मात्र या वहीत आल्याच नाहीत. विषाणूच्या हिशेबात त्यांचा धोका कमी होता, म्हणून निधी नव्हता. निधी नव्हता म्हणून कार्यकर्त्या नव्हत्या, आणि कार्यकर्त्या नव्हत्या म्हणून माहितीही नव्हती.

स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया नव्हत्याच, असं मात्र कुणी म्हणू नये. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात अशी नायिका मराठी प्रेक्षकांनी पाहिली होती. १९८८ साली भोपाळची बातमी देशभर गाजली: पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं होतं आणि त्यापायी दोघींची नोकरी गेली. डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ चित्रपट दाखवणाऱ्या मुंबई आणि दिल्लीतल्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले, तेव्हा त्याच्या निषेधासाठी अनेक जणी पहिल्यांदा उघडपणे रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्याआधी, १९९५ साली, मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला होता. पुढे तो ‘लेबिया’ या नावाने ओळखला जाऊ लागला. केरळात ‘सहयात्रिका’ आणि कोलकात्यात ‘सॅफो’ उभ्या राहिल्या. यांतल्या बहुतेक गटांची सुरुवात पगारी नोकरांनी केली नाही. आपली नोकरी सांभाळून मैत्रिणींनी ठराविक दिवशी, ठराविक तासांत फोन घेतले. पत्रं आली, त्यांना उत्तरं लिहिली. कुणी घरातून निघून आली तर आपल्या दोन खोल्यांच्या घरात तिला झोपायला जागा दिली.

घरातून निघून आलेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण समाजकार्यकर्तीचा तिच्याशी संबंध याच टप्प्यावर येतो. घरी कुणकुण लागते ती बहुधा फोनमुळे. मग फोन काढून घेतला जातो, कॉलेज किंवा नोकरी बंद होते, स्थळं पाहायला सुरुवात होते. कुठे देवऋषी, कुठे डॉक्टर. एक दिवस ती मैत्रिणीबरोबर निघून जाते. दुसऱ्या दिवशी वडील पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार देतात. पुष्कळदा मैत्रिणीवर फूस लावल्याचा, पळवून नेल्याचा आरोप होतो. सोबत घरातले दागिने चोरल्याची फिर्यादही असते. कलम ३७७ स्त्रियांवर क्वचितच लावलं गेलं. त्यांच्याविरुद्ध हत्यार झालं ते अपहरणाचं कलम. म्हणून सज्ञानांमधले संमतीचे संबंध या कलमातून वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने पुरुषांच्या डोक्यावरची टांगती तलवार उतरली, तरी मुलींचा दैनंदिन धोका फारसा हलला नाही.

पोलीस दोघींना शोधून ठाण्यात आणतात. दोघी सज्ञान असतील तर जबाब नोंदवून त्यांना जाऊ देणं एवढंच कायद्याने उरतं. पण ठाण्याबाहेर नातेवाइकांची गाडी उभी असते. आत कुणीतरी म्हणतं, आधी आईशी एकदा बोल, रडतेय ती. रात्र होते. राहायला कुठे, हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेकदा नसतं. शासनाच्या वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा मिळतो तो पाच दिवसांपर्यंत. महिला निवारागृहात दोघींनी एकत्र राहायला नकार मिळण्याची भीती असते. एक जण तृतीयपंथी किंवा ट्रान्स पुरुष असेल तर त्याला जागा मिळणं आणखी अवघड होतं. अशा रात्री हाताशी असलेली कार्यकर्ती काय करते यावर एका माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं.

मदतीच्या या कामातूनच संशोधन जन्माला आलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आधी फोन आले, अभ्यास नंतर झाले. २००३ साली टाटा संस्थेच्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक संशोधन केंद्राने बीना फर्नांडिस आणि गोमती यांचा भारतातल्या समलैंगिक स्त्रियांवर होणाऱ्या हिंसेचं स्वरूप मांडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ साली माया शर्मा यांचं ‘लव्हिंग विमेन’ आलं. उत्तर भारतातल्या कष्टकरी, गरीब घरांतल्या स्त्रियांच्या दहा जीवनकहाण्या त्यात आहेत. समलैंगिकता हे शहरी, इंग्रजी शिकलेल्या बायकांचं खूळ आहे, या समजुतीला त्या पुस्तकाने दिलेलं उत्तर आजही पुरेसं आहे. २०१३ साली लेबियाने पन्नास जणांच्या जीवनकथांवर आधारलेला अभ्यास पुरा केला. जन्मतः मुलगी म्हणून नोंदवलेल्या, पण लिंगभावाच्या आणि प्रेमाच्या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या या व्यक्ती होत्या. घर, शाळा, नोकरी, रस्ता, जोडीदार अशा एकेका ठिकाणी त्यांच्या वाट्याला काय आलं, हे त्यात सविस्तर आहे. संशोधकही त्याच समूहातले होते.

दहा आणि पन्नास. सांख्यिकीच्या अभ्यासकाला हे आकडे लहान वाटतील. पण ज्या समूहाची यादीच नाही, त्याचा यादृच्छिक नमुना काढणार कसा? एकीने दुसरीचं नाव सांगायचं आणि दुसरीने तिसरीचं, अशा साखळीनेच जावं लागतं. या साखळीचा दोषही उघड आहे. ती ओळखीच्या वर्तुळात फिरते. मुंबईतल्या सवर्ण, इंग्रजी बोलणाऱ्या मैत्रिणींपासून सुरू झालेली साखळी लातूरच्या दलित वस्तीत आपोआप पोचत नाही. दलित आणि आदिवासी समूहांतल्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गेल्या दहा-पंधरा वर्षांत चळवळीला ठणकावून सांगितली आहे. ‘कुटुंबाने बाहेर काढलं’ या एकाच वाक्याचा अर्थ जातीप्रमाणे बदलतो. एकीच्या हातात पदवी आणि शहरातली ओळखपाळख असते. दुसरीसाठी ते कुटुंब आणि ती वस्तीच जातीच्या हल्ल्यापासूनचा एकमेव आडोसा असतो. दोघींना एकच सल्ला देणारी कार्यकर्ती एकीचं नुकसान करते.

संशोधनाच्या नीतीचाही इथे कस लागतो. १९७० साली अमेरिकेत लॉड हम्फ्रीज या समाजशास्त्रज्ञाचं एक पुस्तक निघालं. सार्वजनिक स्वच्छतागृहांत भेटणाऱ्या पुरुषांचा त्याने अभ्यास केला होता. त्यांच्या गाड्यांचे क्रमांक टिपून पत्ते मिळवले आणि पुढे वेषांतर करून, दुसऱ्याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने, तो त्यांच्या घरी गेला. ही माणसं चारचौघांसारखीच संसारी आहेत, हा त्याचा निष्कर्ष पूर्वग्रह मोडणारा होता. तरीही त्याची पद्धत समाजशास्त्रातल्या अनैतिक संशोधनाचं ठळक उदाहरण म्हणून शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. एक कागद चुकीच्या हाती गेला असता तर त्या माणसांचं घर आणि नोकरी दोन्ही गेलं असतं. आपल्याकडे संमतीपत्रावर सही घेणं हा नियम आहे. पण लग्न ठरवलेल्या मुलीच्या पर्समध्ये त्या सहीच्या कागदाची प्रत सापडली तर काय होईल, याचा विचार नीतिसमितीच्या फॉर्ममध्ये नसतो. अशा ठिकाणी तोंडी संमती, बदललेलं गाव आणि टोपणनाव यांनीच ती मुलगी सुरक्षित राहते.

समुपदेशनाचं काय? मराठी समाजात लैंगिक प्रश्नांवर उघड उत्तरं देण्याची परंपरा र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’पासून, म्हणजे १९२७ पासूनची आहे. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल कर्व्यांवर खटला झाला. त्या प्रश्नांत समलैंगिकतेचाही विषय होता. १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण माणसाने विचारलेल्या लैंगिक प्रश्नाला ज्ञानाने उत्तर द्यायचं, शरमेने नाही, ही भूमिका या मातीत नव्वद वर्षांपूर्वी घेतली गेली होती. नंतरच्या काळात अनेक दवाखान्यांनी आणि सल्ला केंद्रांनी नेमकं उलट केलं. मुलीला बदलून द्या, या पालकांच्या मागणीला गोळ्या, विजेचे झटके आणि प्रवचनं यांनी उत्तर मिळालं. मे २०२० मध्ये केरळातल्या एका तरुण विद्यार्थिनीने गोव्यात आपलं जीवन संपवलं. त्याआधी तिने एका चित्रफितीत सांगितलं होतं की, घरच्यांनी तिला बळजबरीने उपचारकेंद्रांत ठेवलं होतं. भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही असं २०१८ सालीच जाहीर केलेलं असताना हे घडलं.

पुढच्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात एक वेगळी गोष्ट घडली. मदुराईहून दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या होत्या. एका संस्थेने त्यांना आसरा दिला होता आणि दोघींच्याही घरच्यांनी हरवल्याच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला हा विषय पुरता समजलेला नाही हे आदेशात लिहून दिलं आणि स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन तो समजून घेतला. ७ जून २०२१ च्या त्यांच्या आदेशाने अशा उपचारांवर बंदी घातली. दोघी सज्ञान आहेत आणि आपल्या मर्जीने एकत्र आहेत हे जबाबातून कळलं की हरवल्याची तक्रार बंद करावी, असं पोलिसांना बजावलं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्याच वर्षी तामिळनाडूने पोलिसांच्या वर्तननियमांत बदल करून या समूहाच्या छळाला मनाई केली. महाराष्ट्राच्या पोलीस प्रशिक्षणात आणि नियमांत असंच काही यावं, ही मागणी इथल्या समाजकार्य महाविद्यालयांनी एकत्रितपणे करायला हवी होती. ती अजूनही करता येईल.

११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात याहून पुढचं पाऊल टाकलं. एका तरुणीने आपली जोडीदार पालकांनी डांबून ठेवल्याची तक्रार केली होती आणि उच्च न्यायालयाने त्या जोडीदाराला समुपदेशनासाठी पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चौकशी केली तेव्हा तिने आपण आपल्या इच्छेने आईवडिलांकडे आहोत असं सांगितलं, त्यामुळे याचिका टिकली नाही. पण न्यायालयाने देशभरातल्या न्यायालयांना सूचना दिल्या: समुपदेशनाचा वापर माणसाची ओळख किंवा इच्छा वळवण्यासाठी करू नये, आणि जन्माचं कुटुंब हेच सुरक्षित असं गृहीत धरू नये. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वेल्लोरच्या एका प्रकरणात पंचवीस वर्षांच्या तरुणीला तिच्या जोडीदाराबरोबर जायला मोकळीक दिली. घरी नेऊन तिला ‘बरं’ करण्यासाठी विधी करायला लावले होते. माणूस आपलं कुटुंब निवडू शकतो, असं त्या निकालाने स्पष्ट म्हटलं.

कार्यकर्तीच्या हातात आणखीही साधनं आहेत आणि ती फारच कमी वापरली जातात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा नवऱ्यापुरता नाही. रक्ताच्या नात्यातल्या छळालाही तो लागू होतो. त्या कायद्याच्या नियमांत घरगुती घटना अहवालाचा जो नमुना आहे, त्यात मनाविरुद्ध लग्नाची सक्ती आणि घराबाहेर पडायला मनाई, या दोन्ही गोष्टी छळ म्हणून स्वच्छ लिहिल्या आहेत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादी प्रौढ पुरुषच असला पाहिजे ही अट काढून टाकली, म्हणजे आईविरुद्धही दाद मागता येते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की, समाजाच्या नैतिक मूल्यांशी न जुळणं हा मानसिक आजाराचा पुरावा होऊ शकत नाही, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. पोलीस ठाण्यात त्या रात्री बसलेल्या कार्यकर्तीला ही कलमं तोंडपाठ असावीत.

पालकांना शत्रू मानून हे काम होत नाही, हेही तितकंच खरं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला. हेल्पलाइन चालवली आणि मराठीतून सातत्याने लिहिलं. ‘पार्टनर’ ही त्यांची कादंबरी अनेक घरांत आईवडिलांच्या हाती पोचली. २०१७ पासून मुंबईत ‘स्वीकार’ हा पालकांचाच गट काम करतो. २०२३ साली समलैंगिक विवाहाच्या हक्काची सुनावणी चालू असताना देशातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांसाठी तो हक्क मागितला. ज्या आईने पाच वर्षांपूर्वी मुलीला खोलीत कोंडलं, तीच आई पाच वर्षांनी अशा पत्रावर सही करू शकते. पण त्यासाठी मधली पाच वर्षं मुलगी सुरक्षित राहायला हवी.

सांगलीतल्या ‘संग्राम’ने आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने परिघावरच्या माणसांबरोबर काम कसं करावं याचा एक धडा कधीच घालून दिला आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच तिथे निरोध वाटत, दवाखान्याशी भांडत आणि पुढे संघटना चालवू लागल्या. नंतर पुरुष आणि तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांची ‘मुस्कान’ही तिथेच उभी राहिली. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्याच हाती कामाची सूत्रं, ही रीत मुंबईच्या क्विअर, म्हणजे लिंगभावाच्या आणि प्रेमाच्या ठरीव चौकटीबाहेरच्या माणसांच्या, गटांनीही पाळली आहे. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा समुपदेशकांसाठीचा अभ्यासक्रमही याच समूहातल्या समुपदेशकांनी घडवला. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गांत मात्र हा विषय अजूनही बहुतेक ठिकाणी पाहुण्या वक्त्याच्या एका तासापुरता येतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक विवाहाचा हक्क नाकारला, पण रोजच्या अडचणींवर समिती नेमायला सांगितलं. त्यातून २०२४ साली काही कागद निघाले. समलैंगिक जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येईल आणि खात्याला नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून जोडीदाराचं नाव देता येईल, असं केंद्राने स्पष्ट केलं. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबाचे सदस्य मानावं, असं अन्न विभागाने राज्यांना कळवलं. घर सोडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दोन कष्टकरी मुलींसाठी शिधापत्रिकेचा हा कागद मोठा आहे. त्यावर रेशन मिळू शकेल, शिवाय सरकारी कागदावर दोघी एकाच कुटुंबाच्या म्हणून नोंदल्या जातील. ही सूचना महाराष्ट्रातल्या किती तालुक्यांच्या पुरवठा कार्यालयांपर्यंत पोचली आहे, तिथला कारकून असा अर्ज घेतो का, आणि घेत नसेल तर कुठलं कारण देतो, हे शोधणं समाजकार्याच्या पदव्युत्तर (एमएसडब्ल्यू) विद्यार्थ्यांना एका सत्राच्या फिल्डवर्कमध्ये जमण्यासारखं आहे. येत्या जूनपासून ज्या महाविद्यालयांचे गट गावोगाव जातील, त्यांनी हे काम यादीत घ्यावं, अशी विनंती इथे उपस्थित असलेल्या प्राध्यापकांना आहे.